विहीणबाईचे तीन ठोके

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसाने कसं वागावं, याला काही रीत असते. पाणी आलं तर प्यावं. चहा आला तर "कायले त्रास घेतला" म्हणत संपवावा. भिंतीवरच्या फोटोतली माणसं कोण म्हणून विचारावं, आणि त्यांना हार घातलेला असला तर तोंडाने च्‌ च्‌ करावं. पण अकोल्याच्या गोकर्णाबाईने, म्हणजे मैनाबाईच्या सुनेच्या सख्ख्या आईने, संक्रांतीच्या वाणाला अमरावतीला येऊन काय करावं? दारात चप्पल काढली, उजव्या हाताचं बोट वाकवलं आणि मैनाबाईच्या घराच्या दारावर तीन ठोके मारले. टक, टक, टक. बाजारात टरबूज ठोकून पाहतात तसे. मग मान तिरपी करून ऐकलं आणि म्हणाली, "पोकळ हाय वाट्टे."

एवढंच. पुढे ती आत आली, तिळगूळ खाल्ला, चार वेळा "आमच्या अकोल्याले" म्हणाली आणि संध्याकाळच्या बसने गेली. पण तो शब्द दारातच राहिला. बरं, बाई कोण? मुलीकडची. दार कोणाचं? मुलाकडचं. जगाची रीत काही आहे की नाही! सुनेच्या आईने घरात येऊन भाजीला मीठ कमी म्हणावं, ते एक वेळ चालतं, भाजी सुनेनेच केलेली असते. पण दार?

विहीणबाईची बस सुटली असेल-नसेल, तेवढ्यात मैनाबाईने पदर खोचला आणि स्वतः ठोकून पाहिलं.

पोकळ होतं.

"आवो," तिने नवऱ्याला हाक मारली, "हे दार आतून रिकामं हाय?"

खुशालराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून. उत्तर देण्याआधी प्रश्नाची नोंद घेत. "तवा शफीक मिस्त्री म्हणत होता, भरीव घ्या म्हणून," ते म्हणाले. "मी म्हटलं, दाराले काय, उघडाचं अन् लावाचं. त्यात भरून काय ठेवाचं?"

म्हणजे एकवीस वर्षं ही बाई पोकळ दाराआड अब्रूने राहत होती आणि नवऱ्याला ते ठाऊक होतं! मैनाबाई तिसरीपर्यंत शिकलेली. तिने शाळा सोडली की शाळेने तिला, यावर माहेरी अंजनगाव सुर्जीत अजून दुमत आहे. पण कोणाशी किती दिवस बोलायचं नाही, याचा हिशोब तिला बिनचूक येतो. खुशालरावांच्या वाट्याला नऊ दिवस आले.

दुसऱ्या दिवशी बातमी गल्लीत गेली. दूधवाल्याने जाता-जाता ठोकून पाहिलं. समोरच्या दोघी जावा हळदीकुंकवाच्या निमित्ताने आल्या आणि आळीपाळीने ठोकून गेल्या. शेजारचे महादेवराव, बँकेतले निवृत्त हेडकॅशियर, तर कान लावून ऐकत उभे राहिले. महादेवरावांनी बत्तीस वर्षं तिजोरीच्या सान्निध्यात काढली आहेत. जगातली कोणतीही वस्तू ते तिजोरीशी ताडून पाहतात आणि ती कमीच भरते.

"मैनावैनी," ते गंभीरपणे म्हणाले, "हे दार नाही. हा पुठ्ठा हाय. चोरानं लात मारली तर पाय आत येईन, अन् दार तसंच राहीन."

मैनाबाईने त्याच क्षणी ठरवलं. मे महिन्यात रसाच्या जेवणाला विहीणबाईला बोलवावंच लागणार होतं. ती येणार म्हणजे बोट घेऊनच येणार. तोवर या घराला असं दार लागलं पाहिजे, की ठोकल्यावर विहीणबाईची बोलती बंद झाली पाहिजे. घर गेलं तरी चालेल, पण दार पाहिजे.

दार सागवानाचं, यात वादच नव्हता. विहीणबाईचं अकोल्याचं दार सागवानाचं आहे, त्यावर पितळेची फुलं आहेत, आणि त्या फुलांना चिंचेने घासायला वेगळी बाई आहे, हे मैनाबाईला लग्न जमल्यापासून सतरा वेळा सांगून झालं होतं. आणि सागवान काय विकत आणायचं? माहेरी भाऊ उत्तमराव याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चांगलं कवेत न मावणारं झाड उभं होतं. वडिलांनी हाताने लावलेलं.

"तोड," तिने भावाला फोनवर सांगितलं.

"बाई, तोडाले परवानगी लागते," उत्तमराव म्हणाला.

"आपल्या बापाचं झाड, आपल्या धुऱ्यावर!"

"बाप आपला हाय, धुरा आपला हाय. झाड सरकारले इचारून पडते."

म्हणून मैनाबाई स्वतः सरकारी ऑफिसात गेली. भावाला आवाज नाही, हे तिला लहानपणापासून माहीत. ऑफिसातल्या बाबूने सातबारा वरून खाली पाहिला, मागून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, याच्यात झाड नाही."

"झाड याच्यात कसं राहीन? ते वावरात हाय."

"वावरात असन. कागदावर नाही. कागदावर नाही म्हणजे झाड नाही."

मैनाबाईचा चेहरा खुलला. "नाही ना? मंग काम झालं. जे झाड नाहीच, ते आमी उद्या तोडतो."

"तोडलं तर गुन्हा दाखल होईन."

"कशाचा? नसलेल्या झाडाचा?"

"मावशी," बाबू शांतपणे म्हणाला, "उभं हाय तवापर्यंत ते नाही. तोडलं का मंग ते होते."

मैनाबाई, जिने सासूला निरुत्तर केलं, दीराला वाटणीत गप्प बसवलं, ती त्या टेबलापुढे खुर्ची ओढून शिकवणीला बसल्यासारखी बसली. मग बाबूने रस्ता दाखवला. आधी झाड आहे असा अर्ज करायचा. मग ते पाहायला माणूस येणार. मग ते तोडू द्या असा अर्ज. मग ते अमरावतीला नेऊ द्या असा अर्ज, वेगळ्या ऑफिसात. सोबत मालकाचा झाडाजवळ उभा राहून काढलेला फोटो. उत्तमराव लाजला, म्हणून मैनाबाईच उभी राहिली. फोटोत ती अशी आली आहे, जणू झाडाला अटक करून आणलंय.

होळी झाली. झाड अजून 'विचाराधीन' होतं. महाशिवरात्रीच्या सुमारास आलेला माणूस भलत्याच धुऱ्यावरची बाभूळ पाहून गेला होता.

"आई, सोड ते सागवान," मुलगा कुलदीप म्हणाला. कुलदीप कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो आणि घरातला प्रत्येक प्रश्न फळ्यावरचा समजतो. "आता लोखंडी दारं येतात. वरून हुबेहूब सागवान दिसते. गाठीसुद्धा काढलेल्या राहतात. ठोकून पाहा, कसं वाजते!"

दुकानात मैनाबाईने सव्वीस दारं ठोकली. पोराचा पगार, सुनेचा उत्साह, दुकानदाराची कोल्ड्रिंकची बाटली, कशाचीच भीड न ठेवता ठोकली. सत्ताविसावं दार वाजलं नाही. ठोकलं तर नुसतं 'हुं' म्हणालं, खानदानी सासऱ्यासारखं. "हेच," मैनाबाई म्हणाली.

रंग गडद तपकिरी, लॅचलॉक जर्मन पद्धतीचं, वर एक भिंग. दार बाहेर उघडायचं की आत, एवढंच उरलं. महादेवराव बोलावल्याशिवाय आले. "बाहेर! तिजोरीचं दार कवाही बाहेरच उघडते. चोरानं लात मारली तर चोराचाच पाय मोडते."

शफीक मिस्त्रीला निरोप गेला तो केवळ माणुसकी म्हणून. घराची पहिली चौकट त्याच्या हातची. तो आला, टेप लावला, पेन्सिल कानामागे खोचली.

"वैनी, पहिले जुनी चौकट काढा लागते. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

"चौकट निघणार नाही," मैनाबाई म्हणाली. "पुजलेली हाय. खाली सव्वा रुपया हाय, मोती हाय, पोवळं हाय. पाच सवासनी जेवल्या तिच्या नावानं. पुजलेली चौकट काढणं म्हणजे घराचं नाक काढणं."

"मंग चौकटीत चौकट बसवा लागन. दोन्ही अंगानं अडीच-अडीच इंच जाईन."

"जाऊ दे. मी काय हत्तीण हाय?"

"तुमचं नाही म्हणून राहिलो मी, वैनी..." शफीकने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे कोपऱ्यात, जुन्या साडीखाली, काहीतरी मोठं झाकून ठेवलेलं होतं. "माझं म्हणणं असं, का उन्हाळ्यात..."

"शफीक, दुसऱ्याले काम गेलं म्हणून जळून राहिला तू."

शफीकने टेप गुंडाळला. पेन्सिल कानामागून काढून खिशात घातली. "खुदा खैर करे," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला. शफीक चहा न घेता गेला, तेव्हाच या घराने सावध व्हायला हवं होतं. पण घर दाराच्या धुंदीत होतं.

दार बसलं. नारळ फुटला. पहिला आठवडा गौरवाचा गेला, म्हणजे महादेवराव सोडून सगळ्यांचा. महादेवराव बेल वाजवून साबुदाण्याच्या उसळीची ताटली धरून उभे होते, आणि मैनाबाईने तिजोरीच्या थाटात दार बाहेर ढकललं. उसळ कुंडीत गेली, चष्मा गेटपर्यंत. "मैनावैनी, भिंगातून पाहून उघडत जा ना," ते नाक धरून म्हणाले. भिंग बसवलं होतं कुलदीपच्या उंचीला. मैनाबाईला त्यातून पाहायचं तर पाट लागे. मग दाराशी कायमचा एक पाट आला. बेल वाजली की मैनाबाई पाटावर चढे आणि भिंगातून दिसणाऱ्या दुधीभोपळ्याएवढ्या डोक्याला खणखणीत आवाजात विचारे, "कोण?" मोलकरीण दोनदा घाबरून परत गेली.

दुसऱ्या आठवड्यात खुशालराव बनियन आणि टॉवेलवर पेपर घ्यायला बाहेर गेले. मागे दाराने 'हुं' म्हटलं आणि स्वतःच कुलूप लावून घेतलं. मैनाबाई देवघरात, कानावर घंटा. पाऊण तास खुशालराव कुंडीशेजारी उभे. त्या दिवशी कुलदीपच्या क्लासची चाळीस मुलं रस्त्याने गेली, आणि सरांचे वडील म्हणून प्रत्येकाने थांबून नमस्कार केला. एका हाताने टॉवेल धरून चाळीस नमस्कार परतवणं सोपं नाही.

एप्रिल लागला. दार पश्चिमेला. दुपारी दोननंतर ऊन त्या लोखंडावर असं बसे, की मुठीला हात लावायची सोय राहिली नाही. सून पौर्णिमा सांडशी घेऊन दार उघडू लागली. आलेला माणूस पाही तर समोर सांडशी घेतलेली सून आणि मागे पाटावर सासू. पाहुणे आपोआप कमी झाले. मैनाबाईने याचंही श्रेय दाराला दिलं.

आणि मग, पारा त्रेचाळीसवर गेला त्या रविवारी, कुलदीपने आतल्या कोपऱ्यातली साडी ओढली.

खाली कूलर होता.

वऱ्हाडात कूलर म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तिथे तो एक वस्तू असेल. इथे तो चार महिन्यांचा कर्ता पुरुष आहे. मैनाबाईचा कूलर जाड पत्र्याचा, अंगाने पैलवान, तिने स्वतः उभं राहून रिबिटी मारून घेतलेला. दरसाल दिवाळीला तो दारातून आत येई आणि एप्रिलमध्ये दारातून बाहेर जाऊन खिडकीमागच्या घोडीवर बसे. बाहेरची हवा ओढायची, वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून आत फेकायची. यंदा तो दारापर्यंत आला आणि चौकटीला खांदे लावून थांबला.

"तिरपा करा," महादेवराव बाहेरून म्हणाले. तिरपा केला. आडवा केला. उताणा केला. कुलदीपने कागदावर आकृती काढून सिद्ध केलं की तो निघतो. कूलरने आकृती पाहिली नव्हती. मागचं मोरीकडचं दार त्याहून अरुंद. खिडकीला गज. शेवटी सगळे उंबऱ्यावर बसले.

शफीकला बोलावणं गेलं. तो आला, टेप काढलासुद्धा नाही.

"त्या दिवशी हेच सांगून राहिलो होतो, वैनी."

"तू काई सांगितलं नाही. तू 'उन्हाळ्यात' म्हणून थांबला."

"तुमी 'जळून राहिला' म्हटलं."

"मंग म्हटलं तरी सांगाचं! एवढ्या तेवढ्यानं माणूस सांगाचं सोडते का?"

शफीक हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "तीन रस्ते हायत. कूलर कापा, नाही तर नवी चौकट उखडा, नाही तर जुनी."

कूलर कापणं म्हणजे कर्त्या पुरुषाला कापणं. नवी चौकट उखडली तर गॅरंटी जाते, असं कंपनीच्या फोनमधल्या बाईने सांगितलं. त्या बाईने आधी मैनाबाईला एक दाबायला लावलं, मग तीन, मग पुन्हा एक. "तुमच्या दारात काय दोष आहे, मॅडम?" "दारात दोष नाही, बाई. कूलर निघत नाही." "कूलरसाठी आमच्याकडे विभाग नाही, मॅडम." आणि जुनी चौकट पुजलेली.

"चौथा रस्ता काढ, शफीक," मैनाबाई म्हणाली. "आठ दिवसांनी ईनबाई येऊन राहिली रस खायाले."

मधल्या दिवसांत कूलर हॉलमध्येच चालवून पाहिला. घरातलीच हवा घरात फिरू लागली. दोन तासांत भिंतींना घाम फुटला, डब्यातल्या कुरडया न तळता मऊ पडल्या आणि खुशालरावांचा पेपर दुमडता येईना. बेचाळीस डिग्रीत समुद्रकाठची सर्दी झालेलं अमरावतीतलं ते पहिलं घर असावं.

चौथा रस्ता शफीकनेच काढला, आणि या वेळी चहा घेऊन. "दार बाहेर उघडते ना? सताड उघडा, भिंतीले टेकवा. कूलर आतून दारात उभा करा, पाठ बाहेर, तोंड आत. अंगानं तो चौकटीपेक्षा मोठा हाय, म्हणजे बाजूनं फट राहणार नाही."

लावून पाहिला. असा बसला, की जणू मापानेच केलेला. ताट्यांतून गार, वाळ्याच्या वासाची हवा घरभर सुटली. एकवीस वर्षांत एवढं गार घर झालं नव्हतं. फक्त एक होतं, की आता या घराला समोरून दार राहिलं नव्हतं. माणसांनी वळसा घालून मोरीतून यायचं, भांडी ओलांडून, स्वयंपाकघरातून.

"मम्मी मोरीतून येईन?" पौर्णिमा म्हणाली. तिचा आवाज कोणत्या बाजूचा होता, ते कळलं नाही.

"चांगल्या घरी कुठूनही येता येते," मैनाबाई म्हणाली. पण आत काळजात कूलरचं पाणी सांडल्यासारखं झालं होतं. साडेतीन महिने, दोन ऑफिसं, सत्तावीस दारं, आणि विहीणबाई ठोकणार कशावर? दार तर भिंतीला टेकून उन्हात पडलेलं. ती पाहणारसुद्धा नाही. "दाराच्या जागी कूलर हाय बाप्पा त्याईच्या घरी," असं अकोलाभर सांगत फिरेल.

रसाचा दिवस उजाडला. सकाळपासून आंबे पिळले. भजे, कुरडया, पोळ्या. विहीणबाई अकराला येणार होती, तिची बस मूर्तिजापूरला साडेतीन तास बंद पडली आणि ती उतरली दुपारी अडीचला, ऊन बरोबर दारावर आलेलं असताना. नवी पैठणी, हातात अकोल्याहून आणलेली करंज्यांची पिशवी, कपाळावर घाम. गेट उघडून आली आणि थबकली.

"अवो माय! दारात कूलर?"

आतून मैनाबाई पाटावर चढली. कूलरच्या वरून तिचं कपाळ आणि डोळे तेवढे बाहेर दिसले. "या, ईनबाई!" कूलर घरघरत होता, म्हणून ती ओरडली. "मागून या! मोरीतून!"

"काय?"

"मोरीतून!"

"अन् दार कुठं हाय?" विहीणबाईने इकडेतिकडे पाहिलं. "काढून टाकलं काय पोकळ होतं म्हणून?" मग तिला ते दिसलं. भिंतीला टेकलेलं, तपकिरी, गाठीगाठीचं, उन्हात चमकणारं. ती जवळ गेली. डोळे बारीक केले. "सागवान दिसते बाप्पा."

आणि तिने उजव्या हाताचं बोट वाकवलं.

"मम्मी, त्याले..." पौर्णिमाने तोंड उघडलं. मैनाबाईने, न वळता, पाटावरूनच मागे हात करून सुनेचा दंड धरला. वाईट हेतूने नाही. पण ज्या क्षणासाठी बाईने झाडाशेजारी उभं राहून फोटो काढला, तो क्षण मध्येच तोडू नये, एवढंच.

टक.

विहीणबाईची सवय तीन ठोक्यांची. दुसरा पडलाच नाही. अमरावतीच्या उन्हात भाजलेल्या लोखंडाला बोटाचं पेर लागलं, आणि अकोल्याच्या गोकर्णाबाईने असा आवाज काढला, की महादेवराव तिजोरी फुटली समजून घराबाहेर आले. करंज्यांची पिशवी कुंडीत गेली. त्याच कुंडीत, उसळीच्या जागी.

"आई गं! इस्तू हाय का दार हाय!"

पौर्णिमाने धावत जाऊन कूलरचं बटण बंद केलं आणि मोरीतून आईकडे पळाली, वाटीत थंडगार रस घेऊन, कारण हाताशी तेच होतं. घरघर थांबली. समोरच्या दोघी जावा ओट्यावर, महादेवराव कंपाउंडला टेकून, खुशालराव मोरीच्या तोंडाशी, आणि शफीक, ज्याला मैनाबाईने या वेळी मुद्दाम जेवायला बोलावलं होतं, गेटात. विहीणबाईचं बोट आमरसात बुडालेलं. डोळ्यांत पाणी. तिने वर पाहिलं, आणि "आमच्या अकोल्याले"सुद्धा म्हणाली नाही.

मैनाबाईने पाटावर टाचा उंचावल्या, पदर सारखा केला, कूलरवरून हनुवटी बाहेर काढली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ईनबाई, ठोकून टरबूज घ्यावं, ठोकून मडकं घ्यावं. दुसऱ्याच्या घरचं दार उघडं दिसलं, का त्याले हात लावू नाही. मुकाट्यानं मोरीतून आत यावं, अन् वाटीतला रस बोटानं नाही, तोंडानं खावा!"